फाटकात उभे राहिलेले शेठजी

नारायणशेठजींची आणि माझी पहिली गाठ पडली ती त्यांच्या शिव्या खाऊन. बी.ए. होऊन मी त्यांच्या बोरी रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावरच्या कारकुनाची जागा मागायला गेलो होतो. कापसाच्या गंजीजवळ ऐटीत विडी पेटवली आणि शेठजी अंगावर धावून आले, "अहो पदवीधर, नोकरी मागायला आलात का जिनिंग जाळायला?" तिथला कायदा मला तेव्हा कळला. आत येणाऱ्याने काडीपेटी फाटकावरच्या डब्यात टाकायची. शेठजी स्वतः टाकत, पाडव्याला आलेल्या आमदारांनाही त्यांनी टाकायला लावली होती. नोकरी मात्र मिळाली.

आमच्या दलित वस्तीतला माणूस काट्यावर बसलेला काही मातब्बरांना खुपला. ते तक्रार घेऊन आले. शेठजींनी एवढंच विचारलं, "त्याच्या हातानं वजन कमी भरायलंय का?" मंडळी चहा पिऊन गेली.

पुढे संक्रांतीच्या सुमारास विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. वस्तीत आनंद होता, पण दुपारीच शेजारच्या गावात घरं पेटल्याची खबर आली. मी धावत घर गाठलं. आई, बायको, वस्तीतली बायालेकरं, सगळ्यांना घेऊन जिनिंगवर आलो. दुसरीकडे जाणार कुठं? शेठजींनी फाटक सताड उघडलं.

तेवढ्यात पक्षाच्या पुढाऱ्यांचा फोन आला. विधानसभेचं तिकीट तेव्हा शेठजींच्या तोंडाशी आलं होतं. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण शेठजी ओरडले, "मतं जायलीत तर जाऊ द्या! माणसं आत आलीत आता."

थोड्याच वेळात जमाव आला. काठ्या, रॉकेलचे डबे. आई गंजीआड बसलेली. एक काडी पडली असती तर आमची राखही सापडली नसती.

शेठजी काड्यापेट्यांचा डबा घेऊन एकटेच फाटकात उभे राहिले. "आत यायचंय ना? या. काड्यापेट्या इथं टाका."

पुढचा गडी दर हंगामाला गाडी घेऊन येणारा. त्याचा हात सवयीनं खिशात गेला आणि काडीपेटी डब्यात पडली! मागून कुणीतरी खेकसला, "आरं येड्या, काय करायलास?" गडी ओशाळला. तेवढ्यात एक दगड येऊन शेठजींच्या कपाळावर बसला. रक्त आलं, पण ते जागचे हलले नाहीत.

"काटा न झालेल्या, पैसे न दिलेल्या गाड्या आत उभ्या हायत," ते म्हणाले. "कापूस कुणाचा हाय ते आपल्या बापांना विचारा."

आतून त्याच गड्याचा म्हातारा गाडीवर चढून ओरडला, "शिवा! आपली गाडी बी हाय आत, अन् मी बी हाय. आदी मला पेटव!"

शिवा मागे फिरला. मग बाकीचेही पांगले.

विधानसभेचं तिकीट गेलंच. पुढे शेठजी लोकसभेवर निवडून गेले आणि मला सोबत दिल्लीला घेऊन गेले. कापसाच्या भावावर ते सभागृहात तावातावाने बोलत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण फाटकातली ती दुपार त्यांनी कधी प्रचारात येऊ दिली नाही. एका सभेत मी सांगायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. "माणसं वाचली म्हणून मतं मागायची असतात व्हय?"

आज शेठजींच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने हे त्यांना न विचारता लिहिलं आहे. रागावतील तर रागावोत.

"शेठजींना उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत लाभो" असा शेवट करून मी लेख आईला वाचून दाखवला. नव्वदी ओलांडलेली आई माझ्यावरच चिडली.

"नुसतं लाभो काय लिहितोस? लिही, माझं राह्यलेलं समदं त्यांना लागू दे. त्या दिसापासून मी जगायले, ते वरचंच हाय."