सत्तावन्न हजार पाचशे सतरा

माझ्या मामांची दहा वर्षांची मेहनत मी एका भागाकारात पाण्यात घालवली होती.

ते मामा आज सकाळी गेले.

सत्तरच्या दशकात मामा होटगी स्टेशनच्या यार्डात वॅगनचे नंबर लिहून घ्यायचे. मालगाडी आली की इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत चालत जायचं, एकेक नंबर उतरवायचा.

ड्यूटी संपली की बाकीचे पत्ते कुटायचे. आमचे महाशय नंबर फोडत बसायचे!

म्हणजे नंबराला कशाने भाग जातो ते बघायचं. कशानेच गेला नाही तर ती मूळ संख्या. मग वहीत लाल खूण आणि स्वारी दिवसभर खूश.

त्यासाठी घरी भिंतीवर एक मोठा कागद होता. ओळीने आकडे, आणि ज्यांना भाग जातो त्यांच्यावर काट. उरलेल्यांनी भागून बघायचं.

"पाच आकडी कुटलाबी नंबर असू दे, ३१३ पर्यंत बघितलं की बास," म्हणायचे.

मी मॅट्रिक होऊन सुट्टीला तिथे गेले होते. कॉलेजचं नाव काढलं तर अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "पोरीला किती शिकवायचं? बास की आता." मोहोळचं स्थळही बघून ठेवलं होतं.

मला न्यायला अप्पा आले, त्याच दिवशी मामांनी त्यांना ५७५१७ दाखवला. "लोखंड हाय दाजी. फुटतच न्हाय!"

मी आदल्या दुपारी तोच नंबर घेऊन बसले होते. कागद न बघता, सरळ एकेक विषम आकड्याने भागत. रात्रभर गप्प राहिले. आता राहवेना.

"मामा, फुटतो की. ११३ नं. ५०९ येतात."

अप्पा कडाडले, "मामाची चूक काढतीस व्हय? आन् म्हने कॉलेज!"

मामांनी पेन्सिल घेतली. भागाकार केला. मग उठून कागदापुढे उभे राहिले.

तेराचा पाढा कापताना ११७ ऐवजी ११३ वर काट मारली होती. दहा वर्षांपूर्वी. तेव्हापासून ११३ ने कधी भागलंच नव्हतं.

म्हणजे वहीतल्या सगळ्या लाल खुणा संशयात. मामांचा चेहरा पडला. मला वाटलं, कॉलेजही गेलं आणि मामाही.

मग अप्पांकडे वळून म्हणाले, "दाजी, दहा वर्सं कुनाला दिसलं न्हाय ते हिला दिसलं. हिला घरी बसवलंत तर ती चूक माझ्यापेक्षा मोटी हुईल. मग ती कुनी काढायची?"

अप्पा चहा प्यायले आणि एकटेच परत गेले.

जूनमध्ये सोलापुरात माझी ॲडमिशन झाली.

मामा मात्र प्रत्येक रेस्टच्या दिवशी जुने नंबर ११३ ने भागत बसले. एखादा खोटा निघाला की मला पोस्टकार्ड यायचं: "आज आणखी एक पडला." पराभवाच्या बातम्या इतक्या आनंदाने कळवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे मी तीस वर्षं गणित शिकवलं.

आज त्यांच्या घरी गेले. तो कागद अजून भिंतीवर आहे. ११३ वर काट तशीच, आणि भोवती त्यांनी मला काढायला लावलेलं लाल वर्तुळ.

मामा, त्या दिवशी माझ्यावरही काट बसणार होती. तुम्ही हात धरलात.

निवांत जा. आकडे मी बघते.