फोटो उतरेपर्यंत

"फोटो फोनवर पाठवा ना," असं कुणी म्हटलं की काका गळ्यातल्या कॅमेऱ्यावर तळहात ठेवायचे. तान्ह्या पोराच्या टाळूवर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "पाठवनार नाय. फोनवरनं गेला की फोटो आटतो. घरी या, घेऊन जा."

माकुणसारमध्ये त्यांना सगळेच काका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठा कॅमेरा घेतला आणि गावातलं एकही लग्न, एकही बारसं सोडलं नाही. सगळं हौसेपोटी. एकेक फोटो एवढा मोठा काढायचे की थोडेसे घेतले तरी माझा फोन जागा नाही म्हणून कुरकुरायला लागायचा. जरा लहान आकारात काढा, एवढं मोठं करून बघतं कोण, असं मी एकदा म्हटलं.

"मागं उभा असतो तो बघतो," ते म्हणाले. "त्याला त्याचा चेहरा सापडाया पायजे."

हे सगळं साठवायला त्यांच्याकडे हार्ड डिस्क होत्या. खाऱ्या, दमट हवेने बिघडू नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. प्रत्येकीला वाडीतल्या झाडाचं नाव. "तुझ्या मावशीचं लगीन केळीत हाय," असं ते अगदी सहज सांगत. जांभळीत जागा उरली नाही, म्हणून कुणाचा तरी साखरपुडा नारळावर चढवावा लागला होता. नवा माणूस गोंधळायचा, आम्ही हसायचो.

फोटो घेणं म्हणजे बैठकच. लॅपटॉप जुना, केबल त्याहून जुनी. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकायची. तोवर ओट्यावर बसायचं. चहा यायचा, घरची केळी यायची आणि काका एकेक चेहरा मोठा करून विचारायचे, "हा कोनाचा?" वाडीच्या कुंपणावरून बोलणं सोडलेले दोघे भाऊ एकदा एकाच दिवशी आईचा फोटो न्यायला आले. केबल एकच. काकांनी त्यांना ओट्याच्या दोन टोकांना बसवलं आणि मध्ये केळ्यांचा फणा ठेवला. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला, "दादाला मधुमेह हाय, त्याला केळी नको देऊ." मोठ्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मुद्दाम एक केळं सोललं.

आता माझं सांगते. आई दुसऱ्यांच्या वाडीत विड्याची पानं खुडायला जायची, बाबा सफाळ्याला हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, मग इथे का लपवू? पालघरला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी काकांना नवी केबल आणली. तासाचं काम मिनिटात होईल म्हटलं. "बेस हाय," म्हणाले आणि ठेवून दिली.

पुढच्या खेपेला पट्टी तशीच रांगत होती. त्यांनी मला डब्यातून केळ काढायला सांगितली. डब्याच्या तळाशी माझी केबल होती. पाकीट फोडलेलंही नव्हतं. मी रागाने बाहेर पाहिलं. ओट्यावर चार माणसं गप्पा मारत बसली होती. काकी गेल्या, मुलगी लग्न करून बडोद्याला गेली, त्यानंतर फोटोंच्या निमित्ताशिवाय त्या ओट्यावर कुणी फिरकत नव्हतं. मी पाकीट होतं तसं ठेवलं, डबा लावला.

त्यानंतर मीही एका वेळी एकच फोटो मागायला लागले. माझ्या पदवीच्या दिवसाचे फोटो त्यांनी पालघरला येऊन काढले होते. ते नेतानाही मी पुरवून पुरवून नेले. शेवटी एकच राहिला.

"आयेबरोबरचा कधी नेतंस?" काकांनी विचारलं.

"तो शेवटी."

"मंग घाई नको करू," ते म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

गेल्या वर्षी काका गेले. मुलीने सगळ्या डिस्क बडोद्याला नेल्या. जावयाने एकूण एक फोटो चढवून गावाच्या ग्रुपवर लिंक टाकली. पूर्ण आकारात, कुठेही न आटवता. भला माणूस आहे. गावाने हात जोडल्याची चित्रं पाठवली. ज्याला जे हवं ते त्याने घरबसल्या घेतलं.

मी बरेच दिवस हात लावला नाही. एका रविवारी सवयीने आधी गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि मग त्या फोटोवर बोट टेकवलं. पट्टी दिसलीसुद्धा नाही, फोटो उतरला.

माझ्या गाऊनचा घोळ मातीला लागू नये म्हणून आईने तो मागून चिमटीत धरलाय. मी मोठं करत गेले. पानांनी काळपट झालेली तिची बोटं दिसली. आणखी मागे, कॉलेजच्या कठड्याशी, एक मुलगी एकटीच उभी आहे. तिच्या कपाळावरची बारीक टिकलीसुद्धा स्वच्छ आलीय.

"ही कोनाची?" मी मोठ्याने विचारलं.

चहाला अजून उकळी यायची होती.