चिंचोके मागणारी

उन्हाळ्याच्या तोंडाशी कुंभकोणमच्या आमच्या घरी वर्षाची चिंच फोडायला बसलो, की तिरुवलंचुळीकडची एक बाई मागीलदारी यायची. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. लांब उकिडवी बसून ती एकेक चिंचोका चाचपायची, किडका तेवढा टाकायची आणि बाकीचे ओच्यात भरायची. राखेत घोळवून ते मडक्यात ठेवायची, अडीनडीला खायला.

"मूठभर तांदूळ ने की," आई एकदा म्हणाली.

"नको, अम्मा. तांदळाला एखाद्या वर्षी नाही म्हणाल. चिंचोक्यांना कोण नाही म्हणतं?"

मग एका वर्षी कावेरी आटली. होता नव्हता तो तांदूळ चढ्या भावाच्या गावांकडे आगगाडीने निघून गेला. बाई आली तेव्हा आमच्याच चुलीवर चिंचोके भाजत होते, पीठ करून कांजीत घालायला. तिच्याकडे बघूनच शिकलो होतो आम्ही. वास पार दारापर्यंत येत होता.

"चिंचोके नाहीत गं," आई खाली बघत म्हणाली.

बाईने रिकामा ओचा झटकून नीट खोचला.

"साल काढून रात्रभर भिजवा, अम्मा," ती म्हणाली. "नाहीतर पोरांच्या पोटात दुखतं."