भेगेवरची काच

समुद्राकाठच्या पाली गावात आमचं घर, त्यामागे टेकडी आहे. टेकडी आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये दोन हातांची बोळ, आणि टेकडी धरून ठेवणारी एक दगडी भिंत. ही भिंत माझ्या आणि शेजारणीच्या, दोघींच्या घरांमागून सलग जाते. शेजारीण इथलीच, ख्रिस्ती कोळ्यांतली, मासळी विकून तीन मुलींना मार्गी लावलेली. मी मुंबईतून आलेली. आधी मिरा रोडला पूनम सागर संकुलात राहिलो, मग यजमान निवृत्त झाले आणि त्यांच्या हौसेपायी इथे आलो. ते गेले, घर राहिलं. म्हणून असेल, घराला ओरखडा गेला की मला तो त्यांच्याच अंगावर गेल्यासारखा वाटायचा. आणि त्यातूनच सगळा घोटाळा झाला.

घोटाळा असा, की त्या भिंतीला उभी भेग होती. दर वर्षी गणपतीआधी मी ती सिमेंटने भरायचे आणि वर चुना फिरवून चकाचक करायचे. सणाला चार बायका घरात येतात, भांडी विसळायला मागच्या दारी जातात, त्यांना फाटकी भिंत कशाला दाखवा? शेजारणीच्या बाजूलाही तशीच भेग, ती नाताळाआधी भरायची. त्यात आमची चुरस.

"तुझा चुना पिवळा दिसतंय गो ताय," ती म्हणायची.

"माझा निदान पावसाळा तरी काढतो," मी म्हणायचे.

भिंतीत खालच्या अंगाला पाण्याचे पाइप बसवलेले होते. त्यांतून ओघळ यायचे आणि चुन्यावर डाग पडायचे. मग मी काय करावं? पाइपांच्या तोंडात चिंध्या कोंबल्या आणि वर सिमेंटचा लपका मारला. शेजारणीला नेऊन दाखवलंसुद्धा, बघ कशी कोरडी भिंत. तिनेही तिच्याकडचे बंद केले.

मग एका वर्षी पावसाळा लागून आठवडा झाला असेल, टेकडीखालच्या घरांची पाहणी करायला एक इंजिनिअर मुलगी आली. माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिने पेन्सिलीच्या टोकाने भेग खरवडली, तर सिमेंटची एक खपलीच तिच्या हातात आली. बाकरवडी कापल्यावर दिसतात तसे थर.

"आजी, हे किती वेळा भरलंय?"

"दर वर्षी," मी म्हटलं. कौतुकाच्या अपेक्षेनेच म्हटलं.

"कुठला थर कधीचा, सांगता येईल?"

न यायला काय झालं? हा निळसर, त्या वर्षी चुन्यात नीळ जास्त पडली. हा करडा, यजमान गेले त्या वर्षीचा. सण नव्हता, नुसतं सिमेंट लावलं. हा गेल्या वर्षीचा. ती एकेक थर पट्टीने मोजत गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जुने थर पातळ आहेत, अलीकडचे जाड. म्हणजे भिंत दर वर्षी आधीपेक्षा जास्त सरकतेय. आणि हे पाइप कोणी बंद केले?"

मी शेजारणीकडे बोट केलं. शेजारणीने माझ्याकडे.

टेकडीत मुरलेलं पाणी बाहेर पडायला ते पाइप असतात, तिने सांगितलं; तोंड बांधलं की पाणी मागे साठतं आणि भिंतीला ढकलतं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडली नाही. शेजारणीने सळई आणली, तिघींनी मिळून चिंध्या ओढून काढल्या, तर पाण्याची धार थेट माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

"ताय," शेजारीण म्हणाली, "तू डोंगराला बूच मारलंस."

नवी भिंत पावसाळ्यानंतरच बांधता येणार होती. तोवर त्या मुलीने भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी ठेवली आणि दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली. अशी एक पट्टी माझ्याकडच्या भेगेवर, एक शेजारणीकडच्या. काच ताणली जात नाही, भिंत केसभर हलली तरी ती तडकते. भेग भरायची नाही, काच रोज बघायची, पाइपाचं पाणी रोज बघायचं. काच फुटली तर दोघींनी लगेच घराबाहेर पडायचं, मग तिला फोन करायचा. हा क्रम तिने आमच्याकडून दोनदा म्हणून घेतला, शाळेतल्यासारखा.

तेव्हापासून सकाळी दूध तापत ठेवलं की मी बोळीत जायचे. पलीकडून आवाज यायचा, "काच?"

"आहे. तुझी?"

"हाय."

गणपती आले. हात शिवशिवत होते हो माझे. घमेल्यात सिमेंट कालवायचंच काय ते बाकी होतं. "भर की," शेजारीण चिडवायची, "मॅडमला न्हाय सांगत मी." पण भरली नाही. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोळीत गेले. तीन दिवस पाऊस कोसळत होता, तरी पाइप कोरडे, आतून चिखलाने तुंबलेले. एकातून तेवढी लाल चिखलाची गुळणी येत होती. आणि काच मधोमध तडकलेली.

मी शेजारणीला हाक मारली आणि क्रम मोडून, घरातूनच त्या मुलीला फोन केला.

"अजून आत का तुम्ही? बाहेर पडा," ती म्हणाली. "सामान नको."

"गणपती बसलाय गं. पाच दिवसांचा असतो आमच्याकडे. मधेच कसा उठवू?"

ती म्हणाली, "लोकांकडे दीड दिवसाचा असतो ना, आजी? यंदा तुमच्याकडेही."

हे तिला कसं सुचलं, देव जाणे. नुसतं "निघा" म्हणाली असती तर मी निघाले नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. आरतीचं एकच कडवं म्हटलं, मूर्तीवर अक्षता टाकल्या आणि पाटासकट उचलली. शेजारीण दारात मोठी छत्री घेऊन उभीच होती. "चल, तुझ्या बाप्पाला भिजू नाय देत," म्हणाली. अरुंद गल्लीतून आम्ही दोघी समुद्रावर गेलो. तिने सबंध वाट छत्री मूर्तीवर धरली, स्वतः ओलीचिंब.

दुपारी तिच्या बहिणीच्या घरी जेवत होतो तेव्हा ट्रकमधून दगड ओतल्यासारखा आवाज आला. भिंत आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांत येऊन पडली होती. माझा ओटा गेला, तिची कालवणाची जुनी भांडी गेली. पुढच्या खोल्या उभ्या राहिल्या. माणूस एकही गेलं नाही.

आता नवी भिंत आहे, तिला पाइप आहेत, डाग पडतात, पडू देत. यंदा गणपती पुन्हा पाच दिवस बसला. ती मुलगी मोदक खायला आली, तेव्हा मी तिला भिंतीवरची एक केसाएवढी रेघ दाखवली. ही नुसती गिलाव्याची आहे, खुशाल भरा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, "नको. पट्टी लाव."

तिने हसत हसत लावली. शेजारणीने हट्टाने तिच्याकडेही लावून घेतली, तिच्या भिंतीला तर रेघसुद्धा नाही. रोज सकाळी मी दूध तापत ठेवते, आणि पलीकडून आवाज येतो, "काच?"