घटाची माती

नवरात्रातली सातवी माळ, बजाजनगरातलं घर. हजर: सासूबाई, धाकटे दीर, धाकटी जाऊ (सहावा महिना) आणि मी. आमचे हे सेकंड शिफ्टला.

घटाभोवतीचा गहू एव्हाना वीतभर व्हायला हवा होता. बोटभरही नव्हता. पिवळा, टोकं जळालेली. सासूबाईंनी माळ चढवली, घटाकडं पाहिलं, मग जावेच्या पोटाकडं. जावेनं पदर पुढं ओढला.

"पाणी कमी पडलं असंल," दीर म्हणाले.

"सकाळ-संध्याकाळ मीच घालते. देवीला कायतरी पसंत नाय."

मी एक रोप उपटलं. घटातलं रोप असं मधेच कुणी उपटत नाही. मूळ तपकिरी, आखूड. मी ते ओळखलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोपांच्या ताटल्या मीच सांभाळते. तांबं मिसळलेल्या पाण्यावरचा गहू खुरटतो, निकेल मिसळलेल्या पाण्यावरचाही, पण तग धरतो. दोन्ही एकत्र घातले की मूळ पुढं सरकतच नाही.

"माती कुठली?" मी विचारलं. दरवर्षी ती लासूर स्टेशनच्या शेतातून येते.

"यंदा गावाला जाणं झालं नाय, वहिनी. आमच्या शेडमागची हाय, नाल्याकाठची. काळीभोर होती."

दीर प्लेटिंगच्या शेडमध्ये कामाला, सुट्या भागांवर तांब्या-निकेलचा मुलामा चढवतात. तिथलं पाणी त्याच नाल्यात जातं. मी सांगितलं तसे ते हसले. "आई, देवी नाय, आमची शेड कोपली."

सासूबाईही हसल्या. जाऊ हसली नाही.

"ताई, गच्चीवरच्या कुंड्यांत बी तीच माती ना?"

तीच होती, उन्हाळ्यापासून. कुंड्यांत शेणखत असायचं, त्यावर मेथी मात्र हिरवीगार यायची. पोटुशी म्हणून आम्ही आधी तिलाच वाढायचो.

जावेची मुलगी आता चालते. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे. तरी ती अडखळली की जाऊ माझ्याकडं बघते. मी काहीतरी आवरायला घेते.

घटाची माती शेतात मिसळायची किंवा वाहत्या पाण्यात सोडायची, ही आमची रीत. ही माती शेतात मिसळवत नाही, पाण्यात सोडवत नाही. कचऱ्यात सासूबाई टाकू देत नाहीत, देवीची आहे. कुंड्यांतल्या मातीसकट ती पोत्यांत भरून गच्चीवर टाकीखाली ठेवली आहे. मुलगी तिथं खेळायला जाते म्हणून दाराला कडी घालतो.

पोती हलवायची आहेत. कुठं, ते अजून ठरलेलं नाही.