मामांच्या मैलातली नावं

मैलकुली मामा रस्त्यानं चालताना कधी गप्प नसत. एकेका मैलाची डागडुजी करणाऱ्या माणसाला तेव्हा मैलकुली म्हणत, आणि पौडच्या पुढे मुळशीच्या रस्त्यावरचा एक मैल मामांकडे होता. मी रस्त्याच्या खात्यात कारकून म्हणून नवीनच लागलो होतो. वाटेवरच्या ठिकाणांची यादी करायला मला त्यांच्याबरोबर धाडलं होतं. खांद्यावर फावडं टाकून मामा सांगत चालत, "ह्यो गाढवलोळ, कुंभाराची गाढवं लोळायची. ही सवतींची मोरी. दोगी हितंच भांडायच्या."

मामा रस्त्याकडेच्या खोपीत एकटेच राहत. येस्टी दिवसातून दोनदा जाई, तिला न चुकता हात करीत. "वळखीचं कुनी नसतंय आत, पर बरं वाटतं."

एका वळणाशी मात्र ते बोलले नाहीत. मी नाव विचारलं तर म्हणाले, "चला फुडं, सायेब."

दुपारी आंब्याखाली भाकरी सोडली तेव्हा आपणहून सांगू लागले. बायको, भिमा, बाळंतपणात अडली होती. पौडच्या दवाखान्यात नेताना त्या वळणाशी बैलगाडीचं चाक खड्ड्यात रुतलं. ते निघेपर्यंत ती गेली, पोटातल्या जिवासकट. मामा तेव्हा दुसऱ्याच्या शेतावर राबत. पुढे खेटे घालून त्यांनी ही नोकरी मिळवली, तीही याच मैलाची. त्या वळणावर मी कधी खड्डा पाहिला नाही.

"लोकं भिमीचं वळान म्हनत्यात. माज्या तोंडातनं निगत न्हाई," मामा म्हणाले. उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "तुमी लिवा पर."

मी लिहिलं. कचेरीत साहेबांनी त्या पानावर लाल रेघ मारली. "गावांची नावं ठेवा. वळणांना कसली नावं?" मी ती नावं गाळून यादी पुन्हा उतरवली. नोकरी नवी होती.

मामांना हे सांगायचं मी दर खेपेला ठरवत होतो. तेवढ्यात बदली झाली. मामा थांब्यापर्यंत सोडायला आले.

"सायेब, त्ये नाव हाय न्हवं कागदावर?"

"आहे, मामा."

"मंग झालं. माज्यामागं तिचं नाव घ्याला घरचं कुनी न्हाई."

येस्टी आली. मी चढलो.

दोन वर्षांनी मामा गेल्याचं कळलं. तोवर मी त्यांना एक कार्डही टाकलं नव्हतं. टाकलं असतं तर कुणीतरी त्यांना ते वाचून दाखवलं असतं. पण वाचून दाखवण्याजोगं मी लिहिणार तरी काय होतो?