मशीन थांबवून वाचलेली गोष्ट

माझी धाकटी जाऊ एका वेळी एकच काम कधी करत नाही. पाय शिलाई मशीनवर, दातांत दोरा, आणि एक डोळा गॅसवरच्या दुधावर. त्यामुळे लेकीला गोष्ट वाचून दाखवायची वेळ आली, तेव्हा तीही तिने मशीनवर बसूनच वाचायला घेतली. मशीनच्या टेबलावर पुस्तक उघडं, शेजारी स्टुलावर ठकी. ठकीच्या दोन्ही कानांमागे यंत्रं आणि दोन्ही हात टेबलावर.

ठकीला जन्मापासून फार कमी ऐकू येतं. यंत्रं लावली की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. पण दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, यंत्र नुसता आवाज पोचवतं, ऐकायला शिकवावं लागतं. रोज जवळ घेऊन पुस्तक वाचा.

पुस्तक एका खादाड बकरीचं. दर पानावर कोणाचं तरी काहीतरी हरवतं. 'टोपी कुठे गेली?' असं विचारायचं, 'बेंऽ' करायचं आणि मग पान उलटायचं, की टोपी बकरीच्या तोंडात. 'बेंऽ' करण्याआधी जाऊ मशीन थांबवायची आणि ठकी खुदकन हसायची. चित्र दिसायच्या आधीच हसायची. भावोजींनी तर गल्लीभर सांगून टाकलं, पोरगी ऐकायला लागली म्हणून. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

पुढच्या तपासणीला बाईंनी तोंडासमोर कागद धरून 'बेंऽ' केलं. ठकी खिडकीकडे बघत राहिली. बाईंनी पुन्हा केलं. ठकीने नाकात बोट घातलं. जाऊचा चेहरा पांढराफटक पडला.

"घरी कुठे बसून वाचता?" बाईंनी विचारलं.

जाऊने सांगितलं. "तिचे हात टेबलावर असतात ना? मशीन थांबलं की टेबलाची थरथर थांबते, ते हातांना कळत असणार. ती त्याला हसते."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. मशीन बंद ठेवायचं. ठकीला मांडीवर पाठमोरी घ्यायचं, तोंड तिच्या कानाजवळ. आधी बोलायचं, चित्र मागून. प्रश्न एकदाच विचारायचा आणि थांबायचं. "पुढच्या खेपेपर्यंत आवाजाला उत्तर दिसलं नाही, तर कानाच्या आत यंत्र बसवायच्या ऑपरेशनचं ठरवावं लागेल," असंही म्हणाल्या.

थांबणं जाऊच्या रक्तातच नाही. 'टोपी कुठे गेली?' विचारलं की तिचा जीव टांगणीला लागायचा. मग राहवायचं नाही, पुन्हा विचारायची, तिसऱ्यांदा ओरडायची. ठकी वैतागून मांडीवरून उतरायची.

"अगं, पोरीला बोलायला फट तरी ठेव," मी एकदा फटकारलं.

"ती गप्प बसली की मला भीती वाटते, ताई. वाटतं, मी भिंतीशी बोलतेय. आणि असं वाटलं म्हणून लाज वाटते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मलाही तसंच वाटायचं.

शिलाईची कामं साचली, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. बघता बघता दवाखान्याची तारीख परवावर आली. ठकीने अजून काही दाद दिली नव्हती. ऑपरेशनचा विषय आम्ही दोघी टाळत होतो, आणि टाळतोय हे दोघींनाही कळत होतं.

त्या दुपारी मी शर्टांना बटणं लावत होते. मशीन बंद होतं. ठकी दाराशी, आमच्याकडे पाठ करून, रिकाम्या रिळांचा मनोरा रचत होती. जाऊ कापड पसरून मापाची टेप शोधत होती. पिशव्या उपसल्या, गाद्या उचलल्या, आणि टेप तिच्या गळ्यातच लटकत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात ती स्वतःशीच वैतागली, "टेप कुठे गेली?"

दाराकडून आवाज आला, "बें."

ठकीने मान वळवली नव्हती. रिळावर रीळ ठेवणं चालूच होतं.

जाऊ मटकन खाली बसली. माझ्या बोटात सुई घुसली होती, ते मला मागून कळलं.

"परत विचार," मी कुजबुजले. "परत एकदा विचारून बघ."

तिने गळ्यातली टेप मुठीत घट्ट धरली.

"नको, ताई. बाईंनी सांगितलंय ना, एकदाच विचारायचं." ती ठकीच्या पाठीकडे बघत होती. "आणि परत नाही बोलली तर?"